व्हॉल्व्हवरची ड्यूटी

माझ्याकडे गिटारचा एक अँप्लिफायर आहे, व्हॉल्व्हचा. वजन गव्हाच्या भरल्या कट्ट्याएवढं, आणि आवाज असा की एकदा ऐकल्यावर दुसरा ऐकवत नाही. भिलाईच्या सुपेला भागातल्या एका जुन्या ऑर्केस्ट्रावाल्यानं कंबर गेली म्हणून तो विकायला काढला. माझी कंबर तेव्हा शाबूत होती, म्हणून मी घेतला. लग्नाच्या आणि गणपतीच्या कार्यक्रमांत मी गिटार वाजवतो, पोट भरतं ते मोटर रिवाइंडिंगच्या दुकानावर. बरोबरचे वाजवणारे हल्ली पुस्तकाएवढी एक डिजिटल पेटी घेऊन येतात, तिच्यात म्हणे जगातले सगळे अँप्लिफायर असतात. असतील. माझ्याकडे एकच आहे आणि तो खरा आहे. हे मी प्रत्येकाला ऐकवतो, कुणी विचारलं नसलं तरी.

व्हॉल्व्ह म्हणजे काचेची बाटली. जुन्या रेडिओत असायची तीच, फक्त थोराड. आवाजाचं जड काम करणारे दोन मोठे व्हॉल्व्ह मागच्या बाजूला शेजारी शेजारी उभे असतात. वर्षा-दोन वर्षांत ते म्हातारे होतात, बदलावे लागतात, आणि बदलले की बायस लावावा लागतो. गिटार वाजत नसली तरी व्हॉल्व्ह थोडा करंट पीत बसलेला असतो. त्यानं किती प्यायचा ते ठरवून देणं म्हणजे बायस. मेकॅनिक उभ्या स्कूटरची रेस पेचकसानं लावतो, त्यातलाच प्रकार. कमी लावला तर आवाज आजारी वाटतो. जास्त लावला तर बाटलीच्या आतली करडी प्लेट तापून लाल होते, आणि लाल झालेला व्हॉल्व्ह काही मिनिटांत कामातून जातो.

हे काम करणारा माणूस आपल्या भिलाईत नाही. नागपूरला एक होता, त्यानं दुकान मुलाला दिलं आणि मुलानं तिथं मोबाइलची कव्हरं लावली. म्हणून मी घरीच करायला शिकलो. प्लग काढला तरी आतल्या कंडेन्सरांत चारशे-पाचशे व्होल्ट दबा धरून बसलेले असतात, ते आधी रिकामे करायचे आणि मीटर लावून खात्री करून घ्यायची. चालू अँप्लिफायरमध्ये हात घालायचाच तर एकच घालायचा, दुसरा मागच्या खिशात ठेवायचा, म्हणजे झटका छातीतून आरपार जात नाही. आईनं हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती दारातूनच म्हणाली, "एका हातानं काम करून राहिला, मंग अर्धंच होईन ना."

इथवर सगळं मला जमतं. अडचण आहे ती लाल रंगाची. मला लाल नीट दिसत नाही. गडद लाल तर काळाच दिसतो. रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे लोक वाचतात, मी प्रत्येकाला मीटर लावून त्याची किंमत विचारून घेतो. बाजारात टमाटे आई निवडते. एकोणीस वर्षांचा असताना रेल्वेची परीक्षा पास झालो आणि मेडिकलमध्ये पडलो. ठिपक्याठिपक्यांचं एक पुस्तक समोर धरलं होतं, त्यात आकडे होते म्हणे. मी अंदाजानं दोन-तीन आकडे सांगितले. साहेबांनी पुस्तक मिटलं. आईचं माहेर सगळं दुर्ग लाइनवरचं, पाच मामांपैकी चार रेल्वेत, आणि मी इंजिनवर बसणार म्हणून त्यांनी पेढेसुद्धा आणून ठेवले होते.

बाबांना हा आजार पटलाच नाही. तो आईकडून येतो असं डॉक्टर म्हणाला, तेवढं मात्र त्यांनी लगेच मान्य केलं. बाबा भंडाऱ्याकडचे, शेतीतून आलेले, आणि उभी नोकरी पोलादाच्या प्लांटमध्ये भट्टीवर. निळ्या काचेतून आत बघून ते सांगायचे, अजून दहा मिनिटं लागतील, आणि दहाच लागायची. धातूचा लाल रंग त्यांच्या लेखी एक नव्हताच. विटेसारखा लाल वेगळा, जांभळाकडे झुकणारा वेगळा, आणि प्रत्येकाची डिग्री त्यांना पाठ. अशा माणसाचा मुलगा लाल दिसत नाही म्हणून घरी परत येतो, हे त्यांना कामचुकारपणाचं वाटलं. गिटारसाठी मी मुद्दाम नापास झालो अशीही त्यांची एक थिअरी होती. ते एवढंच म्हणाले, "दिसते साऱ्यायले. तू पाह्यलं नाई." त्यानंतर महिनाभर आमचं बोलणं आईच्या मार्फत चालू होतं.

पुढे राग निवळला, पण ते वाक्य कुणी परत घेतलं नाही. आणि गंमत बघा, अँप्लिफायर घरात आल्यावर मला त्याच माणसाकडे जाऊन म्हणावं लागलं, बाबा, जरा बसता का, प्लेट लाल होते का तेवढं बघायचंय.

बाबांना रिटायर होऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. सेक्टर दोनमधलं प्लांटचं क्वार्टर त्यांनी लीजवर घेतलं होतं, त्यामुळे घर तेच राहिलं, फक्त सायरन वाजला की निघायचं कुठे ते कळत नव्हतं. माझा प्रश्न ऐकून त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली आणि विचारलं, "किती वेळ पाहाचं?"

"अर्धा तास. गरम झाल्यावर कधी कधी बिघडतं."

"रीडिंग किती-किती मिनिटानं?"

मी म्हणालो, रीडिंग वगैरे काही नाही, नुसतं बसायचं. नुसतं बसणं हे बाबांच्या समजुतीपलीकडचं होतं. त्यांनी एक जुनी वही काढली, पट्टीनं रेघा मारल्या आणि चार रकाने केले: वेळ, डावी, उजवी, शेरा. खिडकीवर ब्लँकेट टांगून खोलीत अंधार केला, लाकडी खुर्ची ओढली, आणि दर पाच मिनिटांनी मोबाइलच्या उजेडात लिहायला लागले: डावी काळी, उजवी काळी. लाल नाही म्हणजे काळी, असा आमचा हिशेब. अर्धा तास झाल्यावर मी उठा म्हणालो तरी उठले नाहीत. मी समोर उभा राहून "घेतो" म्हणालो, तेव्हा सही करून उठले. भट्टीवर म्हणे बदली माणूस येऊन उभा राहिल्याशिवाय जागा सोडायची नसते, लघवीला लागली असली तरी.

हे दर वेळी असंच व्हायला लागलं. व्हॉल्व्ह बदलायची वेळ आली की आठवडाभर आधी बाबा विचारणार, "या ऐतवारी आहे का आपलं?" त्या दिवशी दाढी करून, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसायचे. बसल्या बसल्या प्लांटच्या गोष्टी सांगायचे. त्यांत एक गोष्ट नेहमीची होती, एका ऑपरेटरची. तो रीडिंग न बघता मागच्या शिफ्टचे आकडे उतरवून काढायचा. बाबांनी त्याची तक्रार केली आणि नंतर त्याच्या मुलीच्या लग्नालाही गेले नाहीत. "जो न पाहता लिवते," ते म्हणायचे, "त्याच्या हातचं पाणी पिऊ नये."

आता माझा कबुलीजबाब. दोन-तीन वेळा झाल्यावर माझ्या लक्षात आलं होतं की या पहाऱ्याची गरज नाही. मीटर तसाच जोडून ठेवला तर व्हॉल्व्ह जास्त करंट प्यायला लागल्याबरोबर आकडा वर चढतो, आणि आकडे मला कुणाच्याही बापाइतकेच स्वच्छ दिसतात. पण मीटर जोडला की बाबांची ड्यूटी गेली. म्हणून बायस लावून झाला की मी मीटरच्या तारा काढून घ्यायचो आणि म्हणायचो, चला बाबा, आता तुमच्यावर. मला स्वतःच्या चांगुलपणाचं जरा कौतुकही वाटायचं.

मग बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की दोन्ही डोळ्यांत आहे, उजव्याचा पिकत आलाय, करून टाका.

"पिकाले का आंबा आहे?" बाबा म्हणाले, आणि घरी आले.

उन्हाळ्यात म्हणाले, उन्हाचं कोणी ऑपरेशन करते का. पावसाळ्यात म्हणाले, जखम चिघळते. मग गणपती, मग दिवाळी, मग थंडी. ऑपरेशनला योग्य असा महिना त्यांच्या मते कॅलेंडरवाल्यांनी अजून छापलाच नव्हता. वर्ष गेलं. दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या की आणखी थांबलात तर डोळ्यात दाब वाढेल, मग ऑपरेशन करूनही नजर येईलच असं सांगता येणार नाही. मी हे घरी येऊन मोठ्यानं सांगितलं, हळू सांगितलं, भांडूनही सांगितलं. माझा आवाज चढायला फार वेळ लागत नाही. बाबांचं उत्तर एकच, "मले दिसते सारं." आणि त्यांच्या बाजूनं पुरावा होता वहीचा. आंधळ्याला कुणी ड्यूटी देतं का?

यंदा गणपती तोंडावर आले आणि मी व्हॉल्व्हची नवी जोडी मागवली. रविवारी सकाळी बायस लावला, दोन्ही पस्तीस मिलीअँपवर आणले, तारा काढल्या, बाबांना बसवलं आणि स्वयंपाकघरात तर्री-पोहे खायला गेलो. दुसरी वाटी संपायच्या आत आतून घूं घूं असा आवाज चढत गेला आणि फ्यूज उडाला. जाऊन बघतो तर डावा व्हॉल्व्ह मेलेला. वहीत शेवटपर्यंत काळी.

"माल खराब आहे," बाबा म्हणाले. "लाल झालीच नाई. थंडीच्या थंडीच गेली."

मी त्यांच्या शब्दावर विक्रेत्याला असा मेसेज पाठवला की तो वाचून त्यानं धंदा सोडावा. बिचाऱ्यानं न भांडता दुसरी जोडी पाठवली. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मला नंतर आठवली, लागू पडायची वेळ निघून गेल्यावर.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. ब्लँकेट, खुर्ची, वही. पस्तीस, पस्तीस. तारा काढल्या. या वेळी मी स्वयंपाकघरात गेलो नाही, खोलीतच खाली बसून गिटारच्या तारा बदलत होतो. वीसेक मिनिटं झाली असतील. बाबांनी मोबाइल पेटवला, लिहिलं, विझवला. मीही एकदा मान वर करून बघितलं. मला बाटलीच्या तळाशी बारीक तार जळताना दिसली, ती नेहमीच जळते. बाकी काळोख.

आई पोह्यांच्या दोन ताटल्या घेऊन दारात आली. तिला ना व्हॉल्व्ह माहीत ना बायस. ती म्हणाली, "अवो, डावीकडली बाटली लालबुंद होऊन राहिली ना. अशीच राह्यते का ते?"

मी झेप घेऊन स्विच बंद केला. गिटार आपटली, तिचा एक टवका गेला, तो अजून तसाच आहे. मग ब्लँकेट ओढून काढलं. खोलीत उजेड आला आणि मी वही उचलली, भांडण्यासाठी. अकरा दहाची ओळ अकरा पाचच्या ओळीवर लिहिलेली होती. अकरा पंधराची त्याच दोन्हींवर. चार रकान्यांच्या रेघा एकीकडे आणि बाबांचं अक्षर दुसरीकडे, उतरत उतरत पानाबाहेर गेलेलं. शेवटचा "काळी" तर खुर्चीच्या हातावर पूर्ण झाला होता.

आईनं ताटल्या टेबलावर ठेवल्या आणि ती निघून गेली.

बाबा खुर्चीतच होते. मी "घेतो" म्हटलं नव्हतं, म्हणून उठले नव्हते. ते म्हणाले, "न पाहता लिवलं म्या."

मी वही मिटली.

"मागच्या ऐतवारीही. पह्यले काळीच राहे, मंग वाटलं, काळीच असन."

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. व्हॉल्व्हचा, वर्षभराच्या भांडणांचा, त्या मेसेजचा. पण त्यांच्याकडे बघितलं आणि राग कुठे ठेवावा ते कळेना. ज्या माणसानं न बघता लिहिणाऱ्याच्या हातचं पाणी सोडलं, तो दाढी करून, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून समोर बसला होता, आणि त्याचे हात गुडघ्यांवर नुसते पडले होते. मला त्यांची फार दया आली, आणि दया आल्याची लाज वाटली.

"एक इचारू?" ते म्हणाले. "रेल्वेच्या मेडिकलले तुले असंच झालं होतं का?"

"असंच म्हणजे?"

"म्हणजे पाहून तं राहिलो, पण दिसून नाई राहिलं. अन् समोरचा माणूस वाट पाहून राहिला. मंग आपण सांगतो काईतरी."

"हो," मी म्हणालो. "असंच."

त्यांनी मान हलवली. "अन् मी म्हणत होतो, तू पाह्यलं नाई."

अठ्ठावीस वर्षं मी त्या वाक्याचं उत्तर तयार ठेवलं होतं. चांगलं लांबलचक, धारदार. त्यातला एक शब्द आठवेल तर शपथ. मी पोह्याची ताटली त्यांच्या हातात दिली आणि आम्ही दोघं गार पोहे खात बसलो. तेवढ्यात आई तर्री गरम करून घेऊन आली. दाराआडून तिनं सगळं ऐकलं होतं, आणि तिच्यानं फार वेळ गप्प राहवत नाही.

"आंधळं दळते अन् कुत्रं पीठ खाते, असं चालू होतं तुमचं दोघायचं," ती म्हणाली.

"यात कुत्रं कोण?" मी विचारलं.

"हा डब्बा," ती अँप्लिफायरकडे बोट दाखवून म्हणाली. "दोघायले खाऊन राहिला."

बाबा हसले. मग त्यांना प्लांटमधलं काहीतरी आठवल्यासारखं झालं आणि त्यांनी कपाळाला आठी घालून विचारलं, "तो मीटर लावून ठेवला असता तं कळलं असतं का नाई?"

"कळलं असतं."

"मंग कावून काढला?"

मी तर्री ओतून घेतली. उत्तर द्यायचं टाळण्यासाठी ती फार चांगली आहे, ठसका लागतो. पण बाबा वाट बघत राहिले.

"तुमची ड्यूटी गेली असती," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या दिशेनं बघितलं, म्हणजे जिथे मी असेन असं त्यांना वाटलं तिथे. मग वही मागून घेतली, चाचपडत ते पान काढलं आणि सगळ्या पानावर एक आडवी रेघ ओढली. शेऱ्याच्या रकान्यात लिहायला जागा उरली नव्हती. पेन खिशाला लावत म्हणाले, "उद्या चाल त्या बाईकडे. जो महिना म्हणन त्या महिन्यात करू."

बाई म्हणाल्या, याच आठवड्यात.

दोष व्हॉल्व्हचा नव्हताच. डाव्या बाजूचा बारका कंडेन्सर तापला की गळत होता आणि व्हॉल्व्ह बेताल करंट पीत होता. मी तो बदलला, मीटर जोडून अर्धा तास ठेवला, आकडा पस्तिसावरून हलला नाही. विक्रेत्याला माफीचा मेसेज पाठवला. त्यानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं, ते माफ केल्याचं होतं की पिच्छा सोड असं, ते माहीत नाही.

ऑपरेशन झालं उजव्या डोळ्याचं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून त्यांना काळा चष्मा दिला आणि मी गाडीत बसवून घरी निघालो. बाबा शेजारी, सीटबेल्ट आवळून. दर दोन मिनिटांनी चष्मा बोटभर वर करून बाहेर बघायचे. बाईंनी असं करू नका म्हणून सांगितलं होतं, मीही दोनदा ओरडलो, पण त्यांनी ऐकलं नाही.

सुपेला चौकात नेहमीची गर्दी होती. ऑटो, हातगाड्या, सगळे एकमेकांच्या अंगावर. मी गाडी हळू केली आणि थांबवली. मला त्या सिग्नलचा रंग कधी दिसला नाही. वरचा दिवा लागला की थांबायचं आणि खालचा लागला की निघायचं, अशी माझी उभ्या आयुष्याची गाडी चाललेली आहे. घरात हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

बाबांनी चष्मा वर केला, काचेतून बाहेर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. या वेळी बरोबर माझ्याकडे.

"लाल आहे," ते म्हणाले. "थांब."

गाडी केव्हाच उभी होती. इंजिनाचा आवाज, हँडब्रेक, सगळं त्यांना कळत होतं.

"बरं झालं सांगितलं," मी म्हणालो.

"हिरवा झाला का सांगतो," बाबा म्हणाले, आणि चष्मा तसाच वर धरून बसले.